बिबट्याच्या टाकीतले मासे

फोटो. पहाट. बिबट्या, सोबत पिल्लू.

दिपिकाचं लग्न ठरलं तेव्हा नितेशने तिला स्वतःचा फोटो पाठवायच्या आधी बिबट्याचा पाठवला होता. खारेपाटातल्या तिच्या घरी, ओटीवर, तो मोबाइल हातोहात फिरला. मैत्रिणींनी विचारलं, "यातला नवरा कंचा गो?" दिपिका हसली, लाजली, आणि सगळ्या पांगल्यावर तिने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मादी कॅमेऱ्याकडे बघत होती. पिल्लू भलतीकडेच.

त्या फोटोने मोरदऱ्याचा डोंगर वाचवला होता. ही काही नितेशची फुशारकी नव्हती. डोंगर खडीसाठी फोडायचं नक्की झालं होतं, पायथ्याशी मशीन येऊन उभं होतं, कोंडवणे गावातल्या माणसांनी धूळ खायची मनाची तयारीसुद्धा केली होती. तेवढ्यात पेणच्या एका संस्थेने डोंगरात कॅमेरे लावले आणि ते सांभाळायचं काम नितेशला दिलं. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपली की तो डोंगर चढायचा. एका पहाटे मादी आली, मागे पिल्लू. फोटो पेपरात आला. माणसं आली, साहेब आले, आणि एक दिवस मशीन आलं तसं परत गेलं. ऐन-किंजळीची झाडं राहिली, शेकरूंची घरटी राहिली, धनेशाची ढोली राहिली. एका जनावराने एवढं सगळं आपल्या पाठीवरून पलीकडे नेलं. हे खरं आहे, आणि पुढचं ऐकतानाही ते खरंच राहतं.

फोटो. दुपार. काही नाही.

कॅमेरा ऊब ओळखतो, असं नितेशने तिला लग्नानंतर समजावलं. गरम अंगाचं काही समोरून हललं की त्याचा डोळा उघडतो. बिबट्या, भेकर, डुक्कर, गुरं, माणूस. कधी तापलेली फांदी वाऱ्याने हलली तरी फसतो आणि रिकामा फोटो काढतो. पण थंड अंगाच्यांसाठी तो मिटलेलाच.

कोंडात सगळे थंड अंगाचे.

मोरदऱ्यावरून उतरणारा ओहळ गावाच्या वरच्या अंगाला वळतो, तिथे कातळात खोल वाटीसारखा खळगा आहे. तोच कोंड. वर उंबर वाकलेला, काठाला कोंडजाईची शेंदूर लावलेली शिळा. आत मळ्ये राहत. मळ्या म्हणजे बोटाएवढा मासा, दगडाला तोंड चिकटवून वाहत्या पाण्यात तग धरणारा. त्यांच्याभोवती चिमटीएवढे रुपेरी मासे, त्यांना गावात नुसतं 'पोरं' म्हणत. कपारीत मुठे खेकडे, बेडूक, पाण्यावर चतुरांची ये-जा. कुंडलिका नदीतला मासा चवीने खाणारं हे गाव कोंडातल्या माशाला हात लावत नसे. ते देवीचे. त्यांना सकाळी मूठभर भात घालायचा मान नितेशच्या घराकडे होता, म्हणजे त्याच्या आईकडे, धोंडुबाईंकडे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी धोंडुबाईंनी नव्या सुनेला कोंडावर नेलं आणि तिचा मेंदीचा हात मनगटापर्यंत पाण्यात धरायला लावला. मळ्ये आले. एकेक बोट चाचपून गेले.

"झाली ओळख," धोंडुबाई म्हणाल्या.

दिपिकाचे वडील कमळाकर धरमतरच्या खाडीकडे खारजमिनीत भात लावत आणि तळ्यात जिताडा पाळत. लहानपणापासून तिने मासा पाहिला तो पकडलेला, तोललेला, पेणच्या बाजारात मांडलेला. माशाने आपल्याला हात लावला, असं तिला पहिल्यांदाच झालं. तिने हात बराच वेळ काढला नाही.

कोंडाची एक रीत होती. दर चैत्रात गाव कोंड उपसून गाळ काढी. त्याआधी मासे तांब्याच्या हंड्यांत भरून वरच्या, उंबराखालच्या डबक्यात नेऊन ठेवत. हंडे न्यायचे त्या वर्षीच्या नव्या सुनांनी, म्हाताऱ्यांनी मागे चालायचं. हंड्यावर ओलं फडकं. आणि पहिला हंडा उचलल्यापासून शेवटचा रिकामा हंडा देवीपुढे पालथा घालेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"का?" दिपिकाने विचारलं होतं.

"माशाला मानसाचा आवाज लागतो," शेजारच्या काशीबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे वरून खाली बघून, "तुला जड जाईल गो. खारेपाटातली ना तू. तुमच्यात झोपेत पन बोलतात."

बायका हसल्या. दिपिकाही हसली. माहेरी निघताना आईने सांगितलेलंच होतं की तिकडे तोंड कमी चालव, आणि तिने लग्नापासून आपली बोली पदरात बांधून ठेवली होती.

फाल्गुन. फोटो नाही, कारण हे घरात घडलं. पडवीत धोंडुबाई आणि नितेश, आतल्या दाराशी दिपिका.

"नित्या, कोंड उतरलाय."

"उन्हाळा हाय, आये. उतरनारच."

"माझ्या उभ्या जल्मात फाल्गुनात उंबराची मुळं उघडी पडलेली नाय बघितली. वर काय केलंत तुम्ही?"

"काय केलं ते तुला ठाऊक हाय. टाकी बांधली. बिबट्याला पानी नको?"

"बिबट्या कधीपासनं टाकीचं पानी पितो?"

"खाली येऊन पीत होता तेव्हा काळुरामचं वासरू गेलं. तेव्हा तूच बोंबललीस ना, पिंजरा लावा म्हनून?"

"मीच नाय, सगळं गाव."

"सगळं गाव. मग पिंजरा लागला असता, बिबट्या गेला असता, आनि तो गेला की मशीन परत. म्हनून वरच पानी दिलं. झऱ्यालाच पाइप लावलाय. तो वर प्यायला की खाली येत नाय. कुनाचं काय वाईट झालं?"

"झरा एकच हाय, बाळा."

"माहीत हाय."

"तोच ओहळात येतो."

"माहीत हाय ना, आये."

"तोच कोंडात येतो."

नितेशने चपला घातल्या, मोटारसायकलला लाथ मारली, शिफ्टला गेला.

फोटो. सकाळ. माणसं (पाठमोरी). काढून टाकावा.

चैत्र लागला तेव्हा कोंडात गुडघाभर पाणी होतं आणि ते वाहत नव्हतं. पाण्याला वास यायला लागला होता. मळ्ये दगड सोडून वर येत, पाण्याच्या पातळीला तोंड लावत आणि परत खाली जात. धोंडुबाईंनी भात घालणं थांबवलं, कारण तो आता तसाच पडून राही.

दिपिकानेच लावून धरलं म्हणून नितेश पेणला निघाला. खांबच्या नाक्यावरून दोघांनी एसटी पकडली. संस्थेचं कचेरीवजा घर पेणच्या एका गल्लीत होतं, आणि दारातच एक बिबट्या बसला होता. हमरापूरच्या कारखान्यात सांगून करून घेतलेला. कारागिराने आयुष्यभर गणपतीच केलेले, त्यामुळे ठिपके चोख उतरले होते, पण डोळे गणपतीचेच आले होते. मोठे, शांत, सगळं पोटात घालणारे. दिपिकाला हसू आलं आणि मग उगाच वाईट वाटलं.

संस्था चालवणाऱ्या सुरभी मॅडम उन्हाने रापलेल्या होत्या, नाक वाहत होतं, टेबलावर आल्याचा चहा गार झालेला. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मोबाइलवर कोंडाचे फोटो पाहिले, दोनदा पाहिले.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "झरा खालपर्यंत जातो हे आम्ही धरलंच नाही. पावसानंतर पाहणी केली होती, तेव्हा सगळीकडेच पाणी होतं."

"मग अर्धं पाणी सोडा ना खाली," नितेश म्हणाला. "एक व्हॉल्व बसवायचा फक्त."

"मला सोडायचंय. पण टाकी ज्यांनी दिली त्यांना विचारावं लागेल. त्यांनी बिबट्यासाठी दिली. आत्ताच टाकी गळत होती म्हणून परवा आतून नव्याने सिमेंट फिरवलं, तर तेवढ्यावरून किती फोन." त्यांनी नाक पुसलं. "एक सांगू? मी बेडकांसाठी मागून पाहिलंय. एका साहेबांनी विचारलं, बेडूक वाचवून काय करणार? बिबट्या म्हटलं की असं कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही बिबट्याला पुढे करतो. तो छत्री आहे. तो उघडला की त्याच्याखाली बाकीचं सगळं येतं, ऐन, शेकरू, बेडूक, मासे."

नितेश मान हलवत होता. हे वाक्य तो गावात स्वतः बोलत असे.

दिपिकाला शाळेत जाताना तिघी मैत्रिणींमध्ये असलेली एक छत्री आठवली. मधली कोरडी राहायची. कडेची सगळ्यांत जास्त भिजायची, कारण छत्रीचंही पाणी तिच्याच खांद्यावर. नुसत्या पावसात ती तेवढी भिजली नसती. पण हे मॅडमना कसं सांगावं ते तिला सुचलं नाही. शिवाय मॅडम वाईट नव्हत्या. डोंगर त्यांच्यामुळे उभा होता.

"तवर मासं काय करतील?" तिने एवढंच विचारलं, आणि आपली बोली निसटली हे तिला ऐकल्यावर कळलं.

सुरभी मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "मी आजच लिहिते," त्या म्हणाल्या. "आठ-पंधरा दिवस लागतील."

पंधरा दिवसांनी कोंडात काय असेल ते तिघांनाही दिसत होतं.

परतीच्या एसटीत नितेश खिडकीशी रेलून बसला होता. वडखळ मागे पडल्यावर एकदम सरळ बसला.

"अगं, टाकी भरलेलीच हाय की."

"मग?"

"मासे वर न्यायचे. टाकीत. पानी तेच, त्याच झऱ्याचं. बिबट्या पिऊन पिऊन किती पिनार? पाऊस पडला की परत खाली आनू. तसेही चैत्रात हंड्यांतनं नेतोच ना आपन."

दिपिकाने त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तो तिला इतका आवडला नव्हता. ती खिडकीतून बाहेर बघत हसत राहिली.

फोटो. सकाळ. बायका, डोक्यावर हंडे. बायका. बायका. बायका. सर्व काढून टाकावेत.

धोंडुबाईंना पटलं ते रितीमुळे. मासे हलवायची रीत होतीच, या वर्षी डबकंही आटलेलं म्हणून त्याऐवजी टाकी, एवढाच फरक. देवीला कौल लावला. उजवा आला.

नव्या सुना दोघीच होत्या, दिपिका आणि काशीबाईंची समीक्षा. सूर्य डोंगराआड असतानाच बायका कोंडात उतरल्या. लुगड्याचे पदर आडवे धरून मासे हंड्यांत घेतले. 'पोरं' पटापट आली. मळ्ये दगड सोडेनात, त्यांना अंगठ्याने हळूच लोटावं लागलं. हंड्यांत कोंडाचंच पाणी, मूठभर कोंडाचीच वाळू, वर ओलं फडकं. दिपिकाने पहिला हंडा उचलला आणि तिथून कुणी बोललं नाही.

चढ सरळ अंगावर येणारा होता. पुढे दिपिका, तिच्या पाठीशी धोंडुबाई, मग समीक्षा, मग बाकीच्या. पाचोळा वाजत होता. हंड्यात आतून टकटक होत होती, फार हलकी, मासे तांब्याला तोंड लावून बघत होते. ती टकटक दिपिकाच्या कवटीत उतरत होती. एका झाडाच्या बुंध्यावर नितेशचा कॅमेरा होता. तो प्रत्येकीसाठी डोळा उघडत होता.

टाकी जमिनीत बसवलेली होती, एका बाजूने उतरती, जनावराला पिता यावं म्हणून. काठोकाठ भरलेली. पाइपातून करंगळीएवढी धार. आतलं सिमेंट नवं, फिकट राखाडी, पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसत होता.

रीत अशी की हंडा आडवा करून तोंड पाण्यात बुडवायचं आणि थांबायचं. मासा आपला आपण बाहेर पडला पाहिजे. दिपिका गुडघ्यांवर बसली, हंडा आडवा केला, आणि त्याला धरून ठेवायला उजवा हात पाण्यात घातला.

पाणी बुळबुळीत होतं.

तिने बोटं एकमेकांवर घासली. साबण लावल्यासारखी घसरली. आणि तिला बाबांची टाकी आठवली. जिताड्याची पिल्लं ठेवायला बाबांनी अंगणात नवी सिमेंटची टाकी बांधली होती. पहिल्याच खेपेची सगळी पिल्लं पालथी झाली. तेव्हा कुणीतरी सांगितलं की नव्या सिमेंटचं पाणी माशाला जाळतं, आधी केळीचे खुंट चिरून टाका, पाणी भरा, ओता, पुन्हा भरा. बाबा महिनाभर तेच करत होते. दिपिका तेव्हा लहान होती, टाकीत हात घालून बुळबुळीत पाण्याशी खेळायची.

हेच पाणी होतं का? असंच होतं का? नक्की असंच?

हंड्यातून पहिला मळ्या बाहेर यायला निघाला होता.

दिपिकाने मान वळवली. तिचं तोंड उघडलं होतं. मागे धोंडुबाई होत्या. सुनेचं तोंड उघडलेलं बघून त्यांचे डोळे मोठे झाले, आणि त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

काशीबाई बघत होत्या. समीक्षा हंडा डोक्यावर घेऊन खोळंबली होती. कौल उजवा आला होता. नितेशने हे शोधून काढलं होतं. झऱ्याचं पाणी येतंय की सारखं, होईल चांगलं. आपल्याला काय कळतं. लहानपणीची गोष्ट.

दिपिकाने तोंड मिटलं.

मासे एकेक करून बाहेर पडले. 'पोरांनी' टाकीत लखकन एक वळसा घेतला, उजेडात चांदी उधळल्यासारखी. मळ्यांनी दगड शोधला, दगड नव्हता, म्हणून सिमेंटच्या भिंतीला तोंड लावलं. सगळ्या बायकांचे चेहरे फुलले. धोंडुबाईंनी दोन्ही हात जोडले.

खाली येऊन हंडे पालथे घातले तेव्हा नितेश शिफ्टला निघून गेला होता. दिवस मावळल्यावर डोंगरात जायचं नाही असा नियम होता, बिबट्यामुळे. रात्री तो आला तेव्हा दिपिका जागी होती.

"उद्या वर बघून या," ती म्हणाली.

"जानारच हाय. का गं?"

"असंच."

फोटो. पहाट. बिबट्या पाणी पिताना. अत्यंत स्पष्ट.

मादी उतरत्या काठावर पुढचे पंजे दुमडून बसली आहे. जीभ पाण्याला लागलेली. उजेड नुकता फुटतोय, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. तिच्या तोंडापासून पाण्यात गोल वलयं निघाली आहेत आणि त्या वलयांवर पांढरे ठिपके हलताहेत. टाकीभर. ती त्यांना बाजूला सारून पाणी पितेय.

तिचं यात काहीच चुकलेलं नाही. तिला तहान लागली होती.

फोटो नाही.

बायका देवीपुढे बसल्या. मासे पाटीत भरून आणले होते, वर उंबराची पानं. मळ्ये मेल्यावर फार लहान दिसत होते. पुरुष लांब उभे राहिले. नितेश सगळ्यांच्या मागे, खाली बघत.

"कोन बोललं?" धोंडुबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बसला होता. "रागवनार नाय. पन सांगा. आजवर एक मासा दगावला नव्हता. कोन बोललं?"

कुणी बोललं नव्हतं. प्रत्येकीला ते ठाऊक होतं आणि प्रत्येकीला दुसरीचा संशय होता.

"मी नाय हां, आत्याबाई," समीक्षा रडवेली झाली.

"तू नाय ते माहीत हाय मला," काशीबाई म्हणाल्या, आणि न बघता दिपिकाकडे बघितलं. "वर पोचल्यावर कुनीतरी मागं वळून तोंड उघडलं होतं. मी बघितलंय. आता खारेपाटातल्या तोंडाला कुलूप घालायचं म्हनजे..."

या वेळी कुणी हसलं नाही.

मागून एक पुरुष म्हणाला, "बोलन्याचं सोडा. टाकीची अक्कल कुनाची होती, ते विचारा."

नितेशने मान आणखी खाली घातली. दिपिकाला त्याच्या शर्टाची मागची कॉलर दिसली, सकाळी घाईत आत दुमडलेली राहिलेली. पाणी कसं होतं ते तिने आत्ता सांगितलं, तर पुढचं सगळं त्याच्यावर येणार होतं. टाकी त्याची. मॅडम त्याच्या. बिबट्या त्याचा. उद्या बिबट्याच नको म्हणतील. मग डोंगर.

"व्हय," ती म्हणाली. "मी बोलले."

बायकांनी श्वास सोडला. कारण सापडलं की माणसाला जेवण जातं.

देवीला नारळ, पाच सवाष्णींची ओटी, आणि वर्षभर दिपिकाने कोंडाच्या पाण्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मासे उंबराच्या मुळाशी पुरले. खड्डा नितेशनेच खणला, लागतो त्याहून खूप खोल.

फोटो. तोच. कडेने कापलेला.

फोटो संस्थेकडे जायचाच होता, ते नितेशचं कामच होतं. सुरभी मॅडमचा फोन आला तेव्हा त्या आधी आनंदाने बोलत होत्या. मग थांबल्या. "नितेश, पाण्यावर ते पांढरं काय आहे?"

त्याने सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

फोटो सगळीकडे गेला. कापून गेला, खालचा भाग काढून, नुसतं मादीचं तोंड, जीभ आणि पाण्याची कड. लोकांनी लिहिलं, किती सुंदर. लोकांनी लिहिलं, जंगल वाचलं. टाकी देणारे इतके खूश झाले की मॅडमनी त्याच दिवशी अर्ध्या पाण्याचं विचारून घेतलं, आणि ते हो म्हणाले. दोन माणसं आली, पाइपाला व्हॉल्व बसवला, अर्धी धार ओहळात सोडली. चहा पिऊन गेली.

पाणी कोंडापर्यंत पोचायला काही दिवस लागले. आधी ओहळातली वाळू ओली झाली, मग काळी, मग चमकली.

फोटो घेणारं कुणी नव्हतं.

दिपिका कोंडापासून लांब, वालाच्या मोकळ्या झालेल्या शेताच्या बांधावर बसून बघत होती. तिला जवळ जायची मनाई होती. कोंड घोट्याएवढा भरला होता. पाणी स्वच्छ, थंड, वाहतं. उंबराचं पिकलेलं फळ त्यात टपकन पडे आणि तसंच तरंगत राही. पूर्वी ते पडायच्या आत खालून तोंडं येत. काठच्या चिखलात मोठा पंजा उमटला होता. मादी रात्री येऊन गेली असावी. वर टाकीही भरलेली होती, तरी ती इथेच आली होती. वाहतं पाणी तिलाही गोड लागत असेल.

धोंडुबाई येऊन शेजारी बसल्या. गुडघे धरून, हळूहळू.

"तू बोलली नायस," त्या म्हणाल्या.

दिपिकाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी तुझ्या पाठीशीच होते. बोलनार होतीस. मी बोट ठेवलं ओठांवर." त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं. "मग देवीसमोर खोटं का बोललीस? नित्यासाठी?"

दिपिकाने बांधावरचं गवत उपटलं.

"बरं. नको सांगू. ते मला कळतंय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पन तेव्हा काय आलं होतं गो तुझ्या तोंडात? ते बोल. आता कोन अडवत नाय."

"आता बोलून काय, आई?"

"बोल तरी."

दिपिका बोलायला लागली तेव्हा पदरात बांधलेली बोली सुटून बाहेर आली. "पानी बुलबुलीत लागला, आई. मना लगेच समजला. आमचे बाबान पन नवी टाकी बांधली व्हती, जितार्‍याचे पिल्लांना. सगली मेली. नवा सिमेंट मासं जालतो. मंग बाबान केलीचे खुंट चिरून टाकले त्यान, पानी भरला, फेकला, भरला, फेकला. तवा कुठं पानी बरा झाला. मना वाटला सांगावा. मंग वाटला, मी नवी. मना काय समजतंय." ती थांबली. पुन्हा सुरू झाली. टाकी केवढी होती, ती कशी खेळायची, बाबा मेलेली पिल्लं फडक्यात घेऊन कसे बसले होते, सगळं सांगत राहिली.

धोंडुबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ती संपली तरी त्या कोंडाकडेच बघत होत्या.

"खुंट किती दिवस ठेवायचे?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर. पंधरा दिवस पन चालतात, पानी बदलत राहिला तर."

धोंडुबाईंनी मान हलवली. घरामागे परसात त्यांची केळ होती, दोन वर्षांपूर्वी एकच कोंब लावला होता, आता नुसतं बन माजलं होतं. घड उतरवलेले खुंट तिथेच आडवे पडून होते, गुरांपुढे टाकायलाही कुणाला वेळ झाला नव्हता.

"पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. "मॅडम पन तेवढेच बोलल्या होत्या ना?"

"व्हय."

दोघी बसून राहिल्या. ऊन चढलं तरी उठल्या नाहीत.